आठवं नाव

"उन्हाळा कुणाचा धरलायस, जयसिंग? आपला का त्यांचा?"

रघुअण्णानं माझा सायक्लोस्टाइल केलेला कागद दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर फिरवला. कागदाच्या डोक्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उन्हाळी मोहीम : झांस्कर. प्रस्थान १२ मे.' दोन महिने खपून केलेला तो बेत होता.

"उन्हाळा तो उन्हाळा, अण्णा," मी म्हणालो. "त्यात आपला-त्यांचा काय?"

"मे म्हंजे उन्हाळा, हे कराडात. तिथं त्या खिंडीत मे महिन्यात कमरंएवढा बर्फ असतोय. घोडं चढत न्हाई. आपल्या शाळंचं वेळापत्रक त्या डोंगराला अजून कुणी धाडल्यालं दिसत न्हाई."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, आज मलाही ते कळतं. तेव्हा मात्र माझे कान तापले. आम्हा सगळ्यांची सुट्टी मे महिन्यात, आंबे मे महिन्यात, लग्नं मे महिन्यात, म्हणून हिमालयही मे महिन्यात उघडा असणार असं मी धरून चाललो होतो. आणि अण्णा एवढ्यावर थांबणारा नव्हता. त्यानं चष्मा नाकावर सरकवला आणि सामानाची यादी मोठ्यानं वाचायला घेतली.

"स्वेटर एक, कंसात पातळ. उन्हाळा असल्यानं जाड कपड्यांची गरज नाही." त्यानं माझ्याकडं बघितलं. "लेका, टोपीऐवजी छत्री लिहायची राहिली की."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो आणि मनात अरे-तुरे. इथे मनातलंच लिहितो आहे. आता सभ्यपणा दाखवून कुणाचं भलं होणार नाही.

ही गोष्ट ब्याण्णव सालची, मार्चमधल्या एका रविवारची. कराडात आमचं डोंगर चढणाऱ्यांचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी चार वाजता आम्ही जमायचो. मी पाटबंधारे खात्यात कारकून आणि मंडळाचा चिटणीस. अण्णा, म्हणजे रघुनाथ पोरे, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा, रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेला. तो मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी एक होता आणि खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. अध्यक्ष डॉक्टर हर्डीकर. ते दोन वर्षांपूर्वी सांगलीहून आलेले, शांत आणि सगळ्यांशी गोड.

बेत मोठा होता. हिमाचलातल्या दारचा गावाहून पायी निघायचं, साडेसोळा हजार फुटांवरची शिंगो ला नावाची खिंड ओलांडायची आणि पलीकडे लडाखातल्या झांस्कर खोऱ्यात उतरायचं. बारा दिवसांची चाल. मंडळातलं कुणीही तोवर एवढ्या उंचीवर गेलेलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही जाऊन आलाय का तिकडं?" पतंगेनं विचारलं. हा बँकेत नव्यानं लागलेला, मंडळात येऊन सहा महिने झालेले.

"गेलो न्हाई. पण ईस वर्षं वाचतोय." अण्णानं खिशातून एक पत्र काढलं. "आपल्या रेठऱ्याचा एक जवान तिथं हुता. त्याचा ट्रान्झिस्टर मी नीट करून दिला, त्यानं मला तिथल्या घोडेवाल्याचा पत्ता दिला. नोर्बू त्याचं नाव. दोन वर्षं पत्रं चालल्यात आमची. तो लिहितोय, जुलैच्या आत येऊ नका."

पत्र सगळ्यांच्या हातातून फिरलं. ड्रॉइंगचे नलवडे सर हळहळले, त्यांना जुलैत रजा मिळवणं कठीण. पण डॉक्टर म्हणाले, जुलै म्हणजे जुलै, डोंगराशी वाद घालता येत नाही. माझा कागद अण्णाच्या मांडीखाली गेला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. पण पतंगेनं मला सहज विचारलं, "जयसिंगराव, तुम्हाला उंचीचं काही वाटत नाही ना?" आणि माझ्याऐवजी अण्णाच बोलला.

"त्याला काय वाटायचंय? तो तर किल्ला पाठीवर बसून उतरलाय. माझ्या पाठीवर."

झालं. ती कथा सुरू झाली. शहात्तर साली एका किल्ल्याच्या कड्यावर, अरुंद वाटेवर, माझे पाय लटपटले होते. मी खडकाला कवटाळून बसलो आणि मला ना पुढे जाता येईना, ना मागे. अण्णानं मला दोरानं पाठीला बांधलं आणि दीडशे फूट खाली आणलं. हे सगळं खरं आहे. त्यानं माझा जीव वाचवला हेही खरं. पण ती कथा त्यानं सोळा वर्षं सांगितली. कोजागरीला सांगितली, माझ्या लग्नात सांगितली, माझ्या साहेबांना सांगितली. दर वेळी मी थोडा जास्त रडायचो आणि कडा थोडा जास्त उंच व्हायचा. ज्यानं आपला जीव वाचवला त्याचा राग येऊ नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना असा वाचवणारा भेटलेला नसतो.

मला त्याचा राग यायचा. खरं म्हणजे द्वेषच वाटायचा, आणि मी तो नीट जपून ठेवला होता.

कथा संपल्यावर डॉक्टरांनी मुद्द्याचं काढलं. बर्फातलं सामान, तंबू, झोपायच्या पिशव्या, कुऱ्हाडी, हे पुण्यातल्या एका संस्थेकडून मिळणार होतं. त्यांच्याकडे आठच संच शिल्लक होते. नावांचा फॉर्म पंधरा तारखेच्या आत द्यायचा. आणि खोलीत इच्छुक होते नऊ.

"माझं धरूनच चाला," अण्णा म्हणाला. "मला डिसेंबरात पंचावन्न लागतंय. मंडळाचा नियम तुमास्नी ठाऊक हाय. पंचावन्नच्या पुढच्याला हिमालयात न्यायचं न्हाई. ही शेवटची गाडी हाय माझी."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. मंडळाची हिमालयातली मोहीम तीन-चार वर्षांतून एकदा निघायची. मागच्या वेळी त्याची आई आजारी होती, त्याच्या आधीच्या वेळी दुकानाला आग लागली होती. त्याच्या दुकानात रेडिओंच्या वर झांस्करचा नकाशा लावलेला होता. खिंडीच्या जागी बोट लावून लावून तिथला कागद काळा पडला होता.

"नेता कोण?" नलवडे सरांनी विचारलं.

सगळ्यांनी अण्णाकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, "अण्णांचा अनुभव मोठा आहे. पण पत्रव्यवहार, फॉर्म, रेल्वे, हे सगळं जयसिंगराव बघतात. आणि अण्णा जरा तापट आहेत. मला वाटतं, नेता जयसिंगराव असावेत."

अण्णानं तोंड फिरवलं. तो नाराज झाला हे त्याच्या मानेवरून कळत होतं. आणि मला आनंद झाला, इतका की तो मला लपवता येईना.

"माझी एक अट आहे," मी म्हणालो. "नेत्याचा शब्द शेवटचा. वरती गेल्यावर वाद नको, टिंगल नको. हे ज्याला मान्य असेल त्यानंच यायचं. बाकीच्यांना मी विचारत नाही. अण्णा, तुम्हाला विचारतो."

"मला एकट्याला?"

"तुम्हाला एकट्याला."

डॉक्टर टेबलावरची पेन्सिल फिरवत बसले. अण्णाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. मला त्या हव्याच होत्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याला वगळणं सोपं झालं असतं.

"माझ्या हाताखाली येणार आहात की नाही?" मी म्हणालो. "एका शब्दात सांगा."

अण्णा उठला. माझा कागद त्यानं सतरंजीवर ठेवला, दाराशी जाऊन पायांत चपला घातल्या, चौकटीला हात टेकून माझ्याकडं बघितलं.

"येतो," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मग डॉक्टर म्हणाले, "म्हणजे काय? येतो म्हणाले ते…"

"ते निघाले, डॉक्टर."

"नाही, तुम्ही विचारलंत, येणार की नाही. ते म्हणाले, येतो."

"उठून, चपला घालून, दारात उभं राहून म्हणाले." मी हसलो. "घरातनं बाहेर पडणारा माणूस काय म्हणतो? जातो म्हणतो का? मेल्यासारखं? येतो असंच म्हणतो. तुम्ही आता निघाल तेव्हा काय म्हणाल?"

नलवडे सर म्हणाले, "तेही खरंच. रागानंच उठले ते. त्यांचा आविर्भाव बघितलात ना."

"हाताखाली यायचं नसेल त्यांना," आणखी कुणीतरी म्हणालं.

"विचारून घेऊ या का एकदा?" डॉक्टर म्हणाले.

"मी विचारतो," मी म्हणालो. "माझ्या वाटेवरच आहे दुकान."

पतंगेनं मान पुढे केली. "मग माझा नंबर लागला का?"

मी सभेच्या वहीत लिहिलं, 'श्री. रघुनाथ पोरे यांनी निरोप घेऊन सभात्याग केला.' सगळ्यांनी खाली सह्या केल्या. किल्ली अण्णाकडे असल्यामुळे त्या दिवशी आम्ही खोली नुसती कडी घालून सोडली.

मी त्याला विचारलं नाही. सोमवारी दुकानावरून सायकलनं गेलो, तेव्हा तो आत होता. मंगळवारीही होता. दोन्ही दिवशी मी ऑफिसला उशीर झाल्याची घाई दाखवली. बुधवारी रात्री डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, "विचारलं. त्यांची इच्छा दिसत नाही." डॉक्टर म्हणाले, अरेरे. मग म्हणाले, पतंगेचं लिहा.

गुरुवारी सकाळी नऊच्या एसटीनं मी फॉर्म घेऊन पुण्याला निघणार होतो. सात वाजता दार वाजलं. बाहेर शालनवहिनी, अण्णाची बायको. हातात पिशवी.

"जायच्या आत गाठावं म्हणलं," त्या आत येत म्हणाल्या. "आज फार्म द्यायला चाललाय न्हवं, भावजी? मला एवढंच इचारायचं हुतं, शेंगदाण्याची कोरडी चटणी आठ जणांची किती लागंल? ते म्हणत्यात, समद्यांची मिळून आपणच करायची. बारा दिवस आणि जायचं-यायचं धरून दोन डबं बास हुतील का तीन करू? मिरची आत्ताच वाळवून ठेवते."

इंदूनं, माझ्या बायकोनं, त्यांना चहा दिला. मी कपाकडं बघत बसलो. शेवटी सांगणं भाग होतं.

"वहिनी, अण्णांचं नाव नाही यादीत."

त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. "असं कसं नसंल? रविवारी घरी आले ते सांगतच आले, मी येतो म्हणून सांगून आलो. जयसिंग्या लीडर झालाय, आता माझी बारा दिवस धुलाई हाय, म्हणून हसत हुते."

"ते निघताना म्हणाले. निरोप घेताना. आम्हाला सगळ्यांना वाटलं…"

"काय म्हणाले?"

"येतो."

शालनवहिनींनी कप खाली ठेवला.

"भावजी, तुम्ही आमच्या घरात सोळा वर्षं जेवलाय. उंबऱ्यातनं बाहेर पडताना ते काय म्हणत्यात?"

मी इंदूकडं बघितलं.

"जातो म्हणत्यात. दुकानाला जाताना जातो. गावाला जाताना जातो. सासूबाईंनी जीव आटवला त्यांचा त्या एका शब्दापायी. मी नवी नवरी हुते तवा सकाळी सकाळी ते ऐकून रडले हुते. किती सांगितलं, असं बोलू न्हाई, येतो म्हणावं. ते म्हणायचे, जाणारा जातोच की, खोटं कशाला बोलायचं. शेवटी आम्ही नाद सोडला. तुमच्या देखत सासूबाईंनी त्यांना लाटणं फेकून मारलंय, आठवतंय का?"

आठवत होतं. मंडळातल्या बाकी कुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. किल्ली अण्णाकडं असल्यामुळे खोलीतून तो नेहमी सगळ्यांच्या शेवटी निघायचा. त्याच्याबरोबर असायचो फक्त मी. दर रविवारी आम्ही त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत यायचो आणि तिथे मी म्हणायचो, येतो अण्णा, आणि तो म्हणायचा, जातो. सोळा वर्षं.

त्या रविवारी दारात त्यानं 'येतो' म्हटलं, तेव्हाच मला कळलं होतं. ते उत्तर होतं. सगळ्यांसमोर, माझ्या हाताखाली यायला तो हो म्हणाला होता. त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल हेही त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. आणि पुढच्या क्षणी हे ध्यानात आलं की इथे दुसऱ्या कुणाला ते कळलेलं नाही.

"माणसाचं काय सांगावं, वहिनी," मी म्हणालो. "त्या दिवशी म्हणाले खरे."

"तुमास्नी कळलं हुतं."

"मला काय स्वप्न पडतंय?"

"मग मी डॉक्टरास्नी जाऊन सांगते."

"सांगा. वहीत लिहिलंय. सगळ्यांच्या सह्या आहेत."

त्या उठल्या. पिशवी उचलली. दारात इंदूला म्हणाल्या, "येते गं," आणि माझ्याकडं न बघता गेल्या.

इंदूनं कप उचलले. ती कधी आवाज चढवत नसे. "फॉर्ममध्ये नाव लिहिलंय का पतंग्यांचं?" तिनं विचारलं.

"नाही अजून. आठवी ओळ मोकळी आहे."

"मग दुकानावरनं जा."

मी गेलो. खरं सांगायचं तर मी नाव घालायच्याच विचारानं गेलो. पण फुकट घालायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, त्यानं मला 'मला ने' म्हणायला हवं होतं. सोळा वर्षांच्या कथेची तेवढी किंमत काही फार नव्हती, असं मला वाटत होतं.

दुकान नुकतंच उघडलं होतं. अण्णा उघड्या रेडिओवर वाकून सोल्डर करत होता. माझ्याकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही.

"शालन डॉक्टरकडं निघाली हुती," तो म्हणाला. "मी नको म्हणलो. कुणाच्या दारात जायचं न्हाई म्हणलो."

"फॉर्म माझ्याकडं आहे, अण्णा. एक ओळ मोकळी आहे."

"दिसतंय मला पिशवीत."

"तुम्ही म्हणा, मी लिहितो."

"काय म्हणू?"

"जयसिंग, मला ने. एवढंच."

त्यानं सोल्डरची काडी खाली ठेवली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"मी रविवारी सांगितलं. तुला ऐकू आलं हुतं का न्हाई?"

मी रेडिओंच्या वरच्या नकाशाकडं बघितलं.

"तुला ऐकू आलं हुतं," तो म्हणाला. "बाकीचे येडे हाईत, त्यांना न्हाई कळलं. तुला कळलं. आता मी दुसऱ्यांदा सांगणार न्हाई. शहात्तर साली त्या कड्यावर तू म्हणला हुतास, अण्णा मला खाली न्या. एकदाच म्हणला हुतास. मी तुला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं हुतं का?"

"पण पुढं सोळा वर्षं सगळ्या गावाला सांगितलंत."

"सांगितलं." तो म्हणाला. "ते चुकलं आसंल. पण तुला पाठीवर घेताना मी अट घातली नव्हती."

एवढं ऐकूनही मी ते करू शकलो याचं मला आज आश्चर्य वाटत नाही. माणूस खोटा पडला की जास्त चेव येतो. मी पिशवीतून फॉर्म काढला, त्याच्याच काउंटरवर, त्याच्या स्क्रूच्या डब्या बाजूला सारून, पसरला. खिशातून पेन काढलं. आठव्या ओळीत सावकाश लिहिलं, 'विनायक ज्ञानेश्वर पतंगे.' अक्षर चांगलं काढलं. अण्णा बघत होता. मी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला, तेव्हा त्यानं रेडिओची तार जोडून बटण फिरवलं. रेडिओ लागला. बातम्या चालू होत्या. मी नऊची एसटी पकडली.

त्यानंतर अण्णा मंडळात आला नाही. किल्ली त्यानं वाचनालयाच्या शिपायाकडं दिली. आम्ही दोघं त्याच गावात आणखी एकोणीस वर्षं राहिलो, समोरासमोर आलो की एकजण रस्ता ओलांडायचा. तो हिमालयात कधीच गेला नाही. मोहीम निघेपर्यंत मला कुणी विचारलं तर मी सांगायचो, ऐन वेळी त्यांनी नाही म्हटलं. बायकोलाही तेच सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आम्ही जुलैत निघालो. अण्णानं सांगितलेल्या तारखांना, अण्णानं सांगितलेल्या वाटेनं. झेलम एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, तिथून मनाली, रोहतांगची खिंड ओलांडून केलाँग. सगळे खुशीत होते. नेता म्हणून माझं चांगलं चाललं होतं. गाडीत, बसमध्ये, धाब्यावर मला विचारल्याशिवाय कुणी काही करत नव्हतं. पाठीवरच्या प्रवासाची कथा सांगायला कुणी नव्हतं, आणि पतंगेला ती एकदा आठवली तेव्हा मी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो गप्प बसला. मला वाटलं, आपण योग्यच केलं.

सोळा जुलैला दुपारी दारचाला बस थांबली. नदीकाठी चार घरं, दोन तंबूंतली हॉटेलं आणि पुढे झाड नसलेले तपकिरी डोंगर. आम्ही टपावरून सामान उतरवत होतो, तेवढ्यात एक बुटका, पन्नाशीचा माणूस घोडे घेऊन आला. त्यानं लांबूनच हात जोडले. एकेकाच्या समोर जाऊन चेहरा बघितला आणि हात हातात घेतला. आठही जणांना भेटून झाल्यावर तो पुन्हा पहिल्याकडं वळला.

"रघुनाथजी कौन हैं?" त्यानं विचारलं.

मी पुढे झालो. "वो नहीं आये. उन्होंने मना किया."

खोटं बोलायला दुसऱ्याची भाषा बरी पडते.

"मना?" नोर्बूनं डोकं हलवलं. "नहीं साहब. उनका कार्ड है मेरे पास. रोहतांग खुला तब मिला."

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून एक पोस्टकार्ड. मी हात पुढे केला. पण त्यानं ते डॉक्टरांच्या हातात दिलं. सगळ्यांत वयस्कर तेच दिसत होते. डॉक्टरांनी चष्मा लावला. अण्णाचं अक्षर आम्ही सगळेच ओळखत होतो. मंडळाची पहिली दहा वर्षं वही त्यानंच लिहिली होती.

डॉक्टर मोठ्यानं वाचू लागले. अण्णाची हिंदी, तशीच्या तशी.

"कराड, आठ मार्च, रविवार शाम. नोर्बूजी, नमस्ते. अभी सभा से घर आया. आपकी बात सबने मान ली, जुलै में निकलेंगे. आठ आदमी है. मैं आ रहा हूँ, पक्का. सभा में सबके सामने बोलके आया. हमारा लीडर जयसिंग है. मैं गरम माथे का आदमी हूँ, लेकिन उसका सुनूँगा. जयसिंग को ऊँची जगह पे डर लगता है. किसी को बोलता नहीं. मैं बहुत मजाक करता हूँ उसका, अब नहीं करूँगा. उसके लिए एक शांत घोडा रखना. आपका, रघुनाथ पोरे."

डॉक्टरांनी कार्ड उलटून पोस्टाचा शिक्का बघितला. नऊ मार्च.

"जयसिंगराव," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मला सांगितलंत, विचारलं म्हणून."

"हो."

"विचारलं नव्हतं."

"नाही."

"आणि त्या दिवशी ते दारातून बोलले, ते काय होतं हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. चार महिने तेच वापरून ते गुळगुळीत झालं होतं. पण ते कार्ड डॉक्टरांच्या हातात होतं, आणि त्यात माझ्या भीतीबद्दल लिहिलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कुणीही हसलं नव्हतं.

"कळलं होतं," मी म्हणालो.

नलवडे सर आपल्या पिशवीवर बसले. पतंगे सगळ्यांपासून चार पावलं लांब जाऊन पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. डॉक्टरांनी कार्ड पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि दोन्ही हातांनी नोर्बूला परत दिलं.

नोर्बूला आमचं मराठी कळलं नव्हतं. तो सगळ्यांकडं बघून हसला.

"और जयसिंगजी?" त्यानं विचारलं. "जयसिंगजी कौन हैं?"

कुणी बोट दाखवलं नाही. मग मीच हात वर केला. नोर्बूनं मागे बांधलेली एक तपकिरी घोडी सोडली, तिच्या मानेवर थोपटलं आणि दोरी माझ्या हातात दिली.

"बहुत शांत है, साहब," तो म्हणाला. "डरना नहीं."

मी दोरी घेतली. बाकीचे सात जण पाठीवर पिशव्या चढवून पुढे चालू लागले होते.